तीन बोटांसाठी बिडकीनला

संभाजीनगरला जाऊन वेरूळ न बघता आले, असं सांगितलं की आमच्या इचलकरंजीतले लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. लग्नाला जाऊन न जेवता परत आलेल्या माणसाकडे बघावं तसं. पण खरंच सांगते, वेरूळ नाही, अजिंठा नाही, मकबरा रिक्षातून लांबून दिसला तेवढाच. चार दिवस होते आणि ते चारही मी एका माणसाच्या डाव्या हाताच्या तीन बोटांमागे घालवले. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. त्या बोटांना लागतंय की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

मी सूत काढते. आमच्या घरात तीन पिढ्या सूतच आहे. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर आणि मी प्रयोगशाळेत. माझं सूत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वडील अजून मला पूर्ण विणकर मानत नाहीत. शरीरात हळूहळू विरघळून जाणारं एक पॉलिमर असतं. त्याचं द्रावण इंजेक्शनच्या नळीत भरायचं आणि सुईला हजारो व्होल्टची वीज लावायची. टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याचा धागा होतो आणि तो समोरच्या फिरत्या दांड्यावर जाऊन बसतो. जत्रेत म्हातारीचे केस करतात ना, तसंच, फक्त कितीतरी पटींनी बारीक. याला आम्ही नॅनोतंतू म्हणतो. दांडा वेगात फिरवला की सगळे धागे एकाच दिशेनं पडतात आणि एक पांढरं पातळ कापड तयार होतं. त्याची गुंडाळी करून मी नळी बनवते, बोटाच्या एका पेराएवढी लांब आणि बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड. धागे नळीच्या लांबीला उभे राहायला पाहिजेत, सगळी मेख तिथंच आहे.

कापून तुकडा पडलेल्या नसेची दोन टोकं या नळीत दोन बाजूंनी बसवायची. वरच्या टोकातून नवे तंतू फुटतात आणि माझ्या धाग्यांना धरून पलीकडं सरकत जातात, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. एकदा ते पलीकडं पोचले की नळीचं काम संपलं, मग ती विरघळून जाते. प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या, समित्यांपुढं उभं राहून झालं, सगळ्या परवानग्या हातात आल्या आणि आमची नळी पहिल्यांदा माणसाच्या हातात बसली ती लिंबाजीच्या.

लिंबाजी बिडकीनजवळच्या एका वस्तीवरचा मेंढपाळ. पावसानं ओढ दिली, चारा संपला, अर्धा कळप विकावा लागला, तेव्हा तो चितेगावकडच्या एका शेडवर रोजंदारीला जायला लागला. तिथं पत्र्यांची थप्पी घसरली आणि पत्र्याच्या धारेनं त्याचं डावं मनगट कापलं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला जाणीव देणारी नस तुटली, मधला तुकडा चेचून गेला. एरवी अशा वेळी पायातली नस काढून जोडतात. त्याला दोन्ही पर्याय समजावून सांगितले आणि त्यानं नळी निवडली. वेलाला मांडव घालतात तसंच हे, असं म्हणून त्यानं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला होता, हे मला मागून कळलं. मी तेव्हा तिथं नव्हते. मी आपल्या नळ्या खोक्यात घालून पाठवल्या होत्या.

या गोष्टीला चौदा महिने झाले आणि एका सकाळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. फरीदांचा फोन आला. बाई मोजकं बोलतात. म्हणाल्या, "एकदा या. तुमचा पेशंट सगळ्यालाच व्हय म्हणतोय."

छावणी

मी छावणी भागातल्या एका साध्या लॉजवर उतरले आणि पहिल्याच सकाळी मालकाच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या म्हणजे अगदी अदबीच्या. मी आपली पंचगंगेकाठची बाई. प्रवास करून आले, घाम आला, दोन बादल्या पाण्यानं अंघोळ केली, साडी धुतली, वर पाय घासायला एक बादली. खाली आले तर मालक टेबलामागून उठून उभे राहिले आणि म्हणाले, मॅडम, आपण आज वरच्या चार खोल्यांचं पाणी वापरलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, मधले दिवस टँकर. हे मी पेपरात वाचलं होतं, पण वाचलेलं डोक्यात राहतं, अंघोळीच्या वेळी आठवत नाही. त्यानंतर मी तांब्यानं मोजून अंघोळ केली आणि परत आल्यावरही काही दिवस तशीच करत होते. आमच्याकडे घरचे हसले.

संध्याकाळी डॉ. फरीदा मला छावणीच्या बाजारात घेऊन गेल्या. बाईंचं वय पंचेचाळीसच्या आसपास, बारीक अंगकाठी, चष्मा दोरीला अडकवलेला. सगळा जन्म याच शहरात गेलेला. मराठी बोलता बोलता मध्येच दखनीत शिरतात आणि आपण शिरलो हे त्यांना कळतही नाही. त्यांनी मला नान-खलिया खायला घातला. आता मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली, मटणाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये अशा मताची. पण पितळी पातेल्यातला तो हळदीचा पिवळसर रस्सा, वर तेलाचा तवंग आणि तो बुडवून खायला तव्याएवढा मऊ नान. आमचा रस्सा जिभेवर चढाई करतो, हा आपला निवांत येऊन बसतो. मी दोन नान खाल्ले आणि तिसऱ्याकडं बघत होते, तेव्हा बाईंनी कामाचं काढलं.

आदल्या आठवड्यात त्यांनी लिंबाजीच्या नसेची यंत्रावर तपासणी केली होती. मनगटाच्या वर बारीक झटका दिला की बोटापर्यंत एक छोटी लाट पोचते, हे पडद्यावर दिसलं होतं. मी टाळी वाजवणार होते, पण त्यांनी हात वर केला.

"तार जोडली गेलीय," त्या म्हणाल्या. "पण घरात दिवा लागलाय का, ते घरातल्याच माणसानं सांगायला पाहिजे ना. आणि तो तर खरं बोलतच नाही."

बोटांना लागतं हे लिंबाजीच्या तोंडून, नीट चाचणीत, सिद्ध झालं तर नळी पुढच्या रुग्णांना बसवायची परवानगी मागता येणार होती. नाहीतर माझी सहा वर्षं कपाटात गेली, आणि एका माणसाचा हात माझ्या नळीच्या भरवशावर बसून राहिला, हे माझ्या मानेवर. त्या रात्री झोप कसली येतेय.

रुग्णालय

लिंबाजी सकाळी आठालाच येऊन बाकावर बसला होता. चाळिशीचा, उंच, डोक्याला लाल पटका, शर्ट इस्त्रीचा. शेजारी त्याची बायको गयाबाई. चौदा महिने ज्या हाताचे फोटो मी मोठे करकरून बघत होते तो हात समोर होता आणि मला त्याच्याकडं बघायचं धाडस होईना. मनगटावर पांढरट वळ. अंगठ्याच्या बुडाशी मांस थोडं बसलेलं. मी वेड्यासारखा नमस्कार केला आणि त्यानंही दोन्ही हात जोडले.

चाचणी साधी असते. डोळे मिटायचे. डॉक्टर नायलॉनच्या एका बारीक तारेनं बोटाच्या टोकाला स्पर्श करतात आणि लागलं का विचारतात. कधी जाड तार, कधी केसासारखी, कधी मधूनच काहीच नाही. लिंबाजीनं डोळे मिटले. लागलं का? व्हय. आता? व्हय. मधल्या बोटाला? व्हय, लागतंय की. मी कोपऱ्यात उभी राहून फुलत चालले होते. मग डॉ. फरीदांनी तार खिशात टाकली, हाताची घडी घालून खुर्चीला रेलल्या आणि शांतपणे विचारलं, आता?

"व्हय," लिंबाजी म्हणाला.

"लिंबाजी, मैं तो हातच नै लगाई."

त्यानं डोळे उघडले. आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि लहान पोरं चोरी पकडल्यावर हसतात तसा ओशाळा हसला. बाईंनी पुन्हा तीनदा समजावलं, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच. तारेला व्हय, हवेला व्हय. शेवटी त्यांनी चाचणी बाद म्हणून कागदावर रेघ मारली आणि दुसऱ्या रुग्णाकडं निघून गेल्या. मला असा राग आला होता म्हणून सांगू. सहा वर्षं दिवसरात्र एक केले मी आणि हा माणूस गंमत करतोय! मी तरातरा बाहेर आले आणि व्हरांड्यात गयाबाईपुढं उभी राहिले.

गयाबाई ठेंगणी, कपाळाला आडवं कुंकू, आवाज खणखणीत. तिनं मला बाकावर बसवलं, पिशवीतून बाटली काढून पाणी दिलं आणि मी अर्धीच पिऊन परत दिली तेव्हा बूच घट्ट लावून ठेवलं. मग म्हणाली, "ताई, ते तुमाला नाय म्हनायचे नायत. तुमी एवढ्या उनाचं, एवढ्या लांबून आलाव. आमच्यात पाव्हन्याला नाय म्हनून लावून देत नायत."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे माझ्या येण्यामुळंच चाचणी बिघडली होती. आणि मी येण्याआधी डॉक्टरीणबाई पाव्हणी. त्यांनी एवढं करून हात जोडून दिला, त्यांना तोंडावर नाय कसं म्हणायचं?

पण घरी काय म्हणतात, मी विचारलं. घरीही नीट बोलत नाहीत, गयाबाईनं सांगितलं. बोटांत मुंग्या येतात म्हणतात, मग ते खरं लागणं की नुसता भास, ते कळत नाही म्हणतात आणि गप्प होतात. माणूस गप्प झालाय तो दिवाळीपासून. मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, दिवाळीच्या सुमारास आणि पावसाळ्याआधी. त्या दिवशी आसपासचे सगळे गडी आपापली कातर घेऊन येतात आणि एकमेकांच्या मेंढ्या कातरून देतात. मजुरी नसते, जेवण असतं. लोकांना वाटतं कातरण्याचं काम उजव्या हाताचं. खरं काम डाव्याचं, गयाबाई म्हणाली. लोकरीखाली कातडी कुठं दुमडलीय, कास कुठं आहे, हे डावी बोटं चाचपतात, कातडी ताणून धरतात, मगच कातर चालते. लिंबाजीच्या डाव्या हाताला साऱ्या वस्तीत तोड नव्हती. दिवाळीला त्यानं हट्टानं कातर धरली. बोटांना कळलं नाही आणि एका दुभत्या मेंढीची कास कापली गेली. त्यानं कातर खाली ठेवली ती ठेवलीच. त्यांच्यात कातर धरलेल्या गड्यांची पंगत आधी बसते. त्या दिवशी लिंबाजी मागच्या पंगतीला पोराबाळांत जेवला, तेही अर्ध्या भाकरीवर उठला.

माझा राग कुठं गेला मला कळलंच नाही. रविवारी त्यांच्याकडं कातरणी होती. गयाबाई म्हणाली, तुमी या. मी डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी क्षणभर चष्मा पुसला आणि आपली तपासणीची पेटी गाडीत टाकायला सांगितली.

चितेगावच्या पुढं

पैठण रस्त्यानं चितेगाव मागं पडलं, तोवर कारखान्यांची रांग, ट्रक, धूळ, चहाच्या टपऱ्या हे सगळं आमच्याकडच्यासारखंच होतं. बिडकीनच्या पुढं मात्र मी काच खाली करून बघतच राहिले. चांगला रुंद सिमेंटचा रस्ता, मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, आणि आजूबाजूला काहीच नाही. भेगाळलेली काळी जमीन, कापसाच्या पऱ्हाट्यांचे वाळलेले खुंट आणि अधूनमधून तारेचं कुंपण घातलेले मोकळे प्लॉट. इथं मोठमोठ्या कंपन्या येणार आहेत, काही आल्याही आहेत. डॉ. फरीदा म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी इथं यायला दिवस लागायचा आणि यायचं कारणही नसायचं. त्या रुंद रस्त्यावर आमची गाडी वीस मिनिटं थांबली, कारण समोरून शंभरेक मेंढ्या सावकाश रस्ता ओलांडत होत्या. त्या सरळ एका कुंपणाच्या फाटकातून आत गेल्या. फाटकावरचा गणवेशातला रखवालदार लिंबाजीचा चुलतभाऊ निघाला. कंपनीच्या आवारात झाडांना पाणी घालतात, तिथं थोडं हिरवं उगवतं. साहेब रविवारी येत नाही. मला हे फार आवडलं.

वस्ती म्हणजे आठ-दहा घरं, लिंबाची दोन झाडं आणि मध्ये मोकळं अंगण. पोचल्या पोचल्या माझी फजिती झाली. हात धुवायला गयाबाईनं तांब्या दिला, मी हात धुऊन पाणी अंगणात सोडलं. एक म्हातारी चटकन पुढं आली आणि माझ्या हाताखाली घमेलं धरलं. ते पाणी कोकरांना. खाली मान घालून उभी होते, तेवढ्यात मागून एका एडक्यानं अशी धडक दिली की मी लोकरीच्या ढिगावर जाऊन पडले. सगळी वस्ती हसली, डॉ. फरीदासुद्धा. बरं झालं, त्यानंतर कुणी मला मॅडम म्हणून खुर्ची दिली नाही.

कातरणी

दरवर्षी कातरायच्या आधी मेंढ्या तळ्यावर नेऊन धुतात. यंदा तळ्यात पाणीच नव्हतं, त्यामुळं लोकर धुळीसकट कातरायची होती. दहा-बारा गडी लिंबाखाली ओळीनं बसले होते, प्रत्येकापुढं पाय बांधलेली मेंढी आणि सगळीकडं कातरींचा खचखच आवाज. धूळ एवढी की थोड्या वेळात सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. लिंबाजी मेंढ्या धरून आणत होता, पाय बांधत होता, सोडत होता. कातरीकडं बघत नव्हता.

डॉ. फरीदांनी दुपारी त्याला झाडामागं बसवून पुन्हा तार काढली. घरच्या अंगणात तरी खरं बोलेल अशी आशा होती. कसलं काय, इथं तर आम्ही खरोखरचे पाव्हणे! व्हय, व्हय आणि व्हय. ओळीतल्या सगळ्यांत वयस्कर गड्यानं, लिंबाजीच्या मामानं, हे ऐकलं. मामा सत्तरीचे, दात निम्मे, पण कातर तरुणासारखी चालणारी. ते उठून आले आणि तारेकडं नाक मुरडून बघितलं.

"असल्या केसाला कोन खरं बोलंल, बाई," ते डॉक्टरांना म्हणाले. "त्याला लोकर द्या हातात. लोकरीला तो खोटं बोलायचा नाय."

मग मामांनी सांगितलं ते असं. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ, सगळ्यांत मऊ. मोठ्या मेंढीची राठ. दोन्ही मिसळल्या की माल वाया गेला, म्हणून गठ्ठे बांधायच्या आधी एक जण बसून लोकर निवडतो. पूर्वी ते काम लिंबाजी करायचा, अंधारात बसून, गप्पा मारत, न बघता. त्यात चूक झाली तर सगळ्या गड्यांपुढं नाक कापलं जाणार. तिथं पाव्हण्यांचा मान राखायला जागाच नव्हती.

डॉ. फरीदांचे डोळे चमकले. बाईंनी क्षणात सगळा ताबा घेतला. लिंबाजीचा उजवा हात स्वतः पाठीमागं बांधला, डोळ्यांवर त्याचाच पटका घट्ट आवळला. तळहाताला आणि उरलेल्या दोन बोटांना जुनी जाणीव होतीच, म्हणून ती दोन बोटं चिकटपट्टीनं बांधून टाकली आणि लोकर फक्त तीन बोटांच्या टोकांत द्यायची असं ठरलं. कोणत्या वेळी काय द्यायचं ते त्यांनी आधीच कागदावर लिहून काढलं, कागद मला दाखवला नाही, मला लांब उभं केलं. खचखच आवाज थांबला होता. गडी कातरी मांडीवर ठेवून बघत होते. गयाबाई चुलीपुढून उठून आली, हाताला पीठ तसंच.

पहिला पुंजका बोटांत दिला. लिंबाजीनं अंगठा फिरवला. फार हळू. मग थांबला. पुन्हा फिरवला. रुग्णालयातला लिंबाजी असता तर एव्हाना व्हय म्हणून मोकळा झाला असता.

"राठ हाय," तो म्हणाला. "म्हातारी मेंढी हाय."

दुसरा पुंजका. जावळ. तिसरा पुन्हा राठ. प्रत्येकाला वेळ लागत होता, कपाळावर घामाची धार लागली होती. एकदा तो चुकला, जावळाला राठ म्हणाला आणि मामांनी दात खाल्ले. पुढचं बरोबर. त्याच्या पुढचंही बरोबर. मग डॉ. फरीदांनी पुढं नुसता हात नेला आणि त्याच्या बोटांजवळ रिकामाच धरला. काही दिलं नाही. म्हणाल्या, हे कोणतं, सांग.

बोटं एकमेकांवर फिरली, पुन्हा फिरली.

"नाय," लिंबाजी म्हणाला. "बोटात काय नाय."

त्या एका शब्दावर मला ओरडून नाचावंसं वाटलं. चौदा महिन्यांत या माणसानं पहिल्यांदा आम्हाला नाय म्हटलं होतं! डॉ. फरीदांनी कागदावर खूण केली. मामांनी जवळच्या गड्याच्या पाठीत असा धपका घातला की तो बिचारा खोकायला लागला.

मग मला काय सुचलं कोण जाणे. माझ्या पर्समध्ये एका पाकिटात माझ्या कापडाची पट्टी होती, डॉक्टरांना नव्या जाडीचा नमुना दाखवायला आणलेली. मी ती काढली आणि खुणेनं विचारलं. त्यांनी मान डोलावली. मी स्वतः जाऊन लिंबाजीच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ती पट्टी दिली.

त्यानं अंगठा एका दिशेनं नेला, मग आडवा नेला, मग पुन्हा उभा. भुवया पटक्याखाली गोळा झालेल्या कळत होत्या.

"ही लोकर नाय," तो म्हणाला. "कोन्याच जनावराची नाय. आन हिचे समदे केस एकाच अंगाला निजल्यात. इकडून बोट जातंय, तिकडून अडतंय."

माझ्या मागं सहा वर्षं होती, बघा. माझ्या धाग्यांची दिशा सूक्ष्मदर्शकाखाली मी हजार वेळा तपासली होती, तक्ते काढले होते, परिषदांमध्ये लोकांनी शंका घेतल्या होत्या. आणि त्याच धाग्यांना धरून नस ज्या बोटांपर्यंत वाट काढत गेली होती, ती बोटं मला सांगत होती की धागे एका दिशेनं आहेत. डॉ. फरीदांनी त्याच्या डोळ्यांवरचा पटका सोडला, तेव्हा त्यानं आधी पट्टीकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं की तुमच्या मनगटात हेच होतं. त्यानं ती पट्टी पुन्हा बोटांत चोळली आणि म्हणाला, "जरा राठ हाय. अजून बारीक काढा." मी हो म्हणाले. सध्या तेच काम चालू आहे.

मामांनी त्याला काही विचारलं नाही. आपली कातर त्याच्यापुढं टाकली आणि एक तरणी मेंढी ओढून आणली. लिंबाजी बसला. डावा हात लोकरीत घातला आणि बराच वेळ नुसता तिथंच ठेवला. मग कातर चालायला लागली. बाकीच्यांच्या तीन मेंढ्या झाल्या तोवर त्याची एक चालली होती, बोटं प्रत्येक वळणाशी थांबत होती, पण कुणी घाई केली नाही. शेवटी मेंढी सोडायच्या आधी डॉ. फरीदा गुडघ्यांवर बसल्या आणि त्या उघड्या कातडीवरून, कासेवरून, पोटावरून त्यांनी हात फिरवला. एक ओरखडा नव्हता. त्यांनी नंतर अहवाल लिहिला तो अर्थातच तारेच्या आणि लोकरीच्या आकड्यांचा. दुसऱ्या दिवशी लिंबाजी रुग्णालयात येऊन तारेलाही नीट व्हय आणि नीट नाय म्हणाला होता. बारीक तारेला अजून नाय, जाड तारेला व्हय. पण मेंढीची ती तपासणी कोणत्याच अहवालात नाही म्हणून मी इथं लिहून ठेवते.

पंगत बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. पुरणाच्या पोळ्या, येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ घातलेली आमटी, कांदा आणि तोंडाला जाळणारा ठेचा. मला आणि डॉक्टरांना गड्यांच्या समोरच पाट दिले होते. लिंबाजी सवयीनं मागं पोरांकडं निघाला, तर मामांनी बाजूला सरकून आपल्या शेजारी जागा केली. तो बसला. गयाबाई वाढत आली. तिनं त्याच्यापुढं चुलीवरून उतरवलेल्या आमटीची पितळी वाटी ठेवली आणि पुढं गेली. लिंबाजीनं ती जवळ घ्यायला डाव्या हातानं धरली आणि झटक्यानं सोडून दिली. आमटी ताटभर सांडली.

"भाजलं," तो म्हणाला.

गयाबाई दोन माणसं पुढं गेली होती. ती तशीच थांबली, मागं वळली आणि म्हणाली, "काय म्हनलाव?"

तो बोटांवर फुंकर मारत होता. तीन बोटं लाल झाली होती. "भाजलं गं," तो पुन्हा म्हणाला. "लई भाजलं."

गयाबाई हातातल्या पळीसकट पंगतीच्या मधोमध खाली बसली आणि रडायला लागली. डॉ. फरीदा उठल्या, पण मलम आणायला न जाता तिच्याशेजारी जाऊन बसल्या. एखाद्या माणसाचा हात भाजला म्हणून मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.